अंगण, तवा आणि ‘आलू’!

वीकेंडला माणशी हजारावर बिल भरून टेबलातल्या शेगडीवर बटाटे भाजणाऱ्यांनो, जरा गोंदियाकडे बघा. तिथे मुर्रीतल्या एका अंगणात तव्यावर जे होतं, त्याला कुठलंही मेन्यूकार्ड पुरणार नाही…

सुरुवात झाली आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये. म्हणजे तेव्हाच्या ऑफिसच्या; फ्रीलान्सिंगच्या नादाला लागण्याआधी मीही एका कंपनीत रीतसर कार्ड स्वाइप करत होते. लंच अवर, आठ जणांचं टेबल, आठ डबे. माझ्या रूममेटनं (ती त्याच मजल्यावर, टेस्टिंगमध्ये) डबा उघडला आणि म्हणाली, ‘आलूची भाजी आणली, घ्या.’

टेबलाच्या त्या टोकाकडून कुणीतरी म्हणालं, ‘आलू? अगं, तू मराठी आहेस ना?’

हशा पिकला. टाइमपास हशा, कुणाच्या मनात काही नव्हतं. मीसुद्धा हसले. तीही हसली. पण दुसऱ्या दिवसापासून तिच्या डब्यात ‘बटाट्याची’ भाजी यायला लागली. भाजी तीच, फक्त नाव बदललेलं. मला हे लक्षात यायला सहा महिने लागले. तेही कसं, तर एका रात्री ती घरी फोनवर बोलत होती आणि मी ऐकलं, ‘हो माय, आलूच केले. खाऊन राहिली ना.’ फोन ठेवला, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, ‘उद्या बटाटे आणायचेत गं.’

एकाच मिनिटात दोन भाषा! मी विचारलं, तर म्हणाली, ‘सोड ना. एकदा घरी चल, मग कळेल.’

साडेतेराशे किलोमीटरचा बटाटा

तिचं घर मुर्रीचं. गोंदिया शहराला अगदी खेटून असलेलं गाव. पुण्याहून तिथे जायला आमची गाडी महाराष्ट्र एक्स्प्रेस. कोल्हापूरहून निघून गोंदियाला पोचणारी ही गाडी एकाच राज्याच्या आत सर्वांत लांब धावणारी म्हणून ओळखली जाते. सुमारे साडेतेराशे किलोमीटर, आणि महाराष्ट्राची हद्द काही ओलांडत नाही. रात्री पुण्यातून बसा, मनमाड-भुसावळ झोपेत काढा, अकोल्याला चहा, दुपारी नागपूर, मग भंडारा रोड, तुमसर रोड, तिरोडा करत दिवेलागणीला गोंदिया. लेट झाली नाही तर. (ती लेट झाली. होतेच.)

ही गाडी म्हणजे चालता-फिरता शब्दकोश आहे. पुण्याच्या प्लॅटफॉर्मवर जो बटाटावडा असतो, तो वर्धा-नागपूरपर्यंत पोचता पोचता आलूबोंडा झालेला असतो. पावातून बाहेर पडून रश्श्यात उतरलेला! टोमॅटोचा टमाटर झालेला असतो. आणि कोथिंबिरीचा? सांबार! हो, विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. सांबारवडी ही इडलीबरोबरची गोष्ट नसून कोथिंबीर ठासून भरलेला खमंग प्रकार असतो, हे मला बाविसाव्या वर्षी कळलं. मास कॉमची डिग्री घेतलेली मी!

आता जरा गंमत ऐका. घरी परतल्यावर मी ‘बटाटा’ शब्दाचं मूळ शोधलं. आपल्याला तो पोर्तुगीजांनी दिला, हे शाळेत शिकलेलं. पण पोर्तुगीज-स्पॅनिशांनी तो उचलला कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांकडून, आणि तिथे ‘बटाटा’ म्हणजे मुळात रताळं. आपला बटाटा हा जिन्नस तर आणखी लांबचा, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगांमधला. नाव एकाचं, कंद दुसऱ्याचा. याच ताइनोंच्या भाषेतून युरोपात गेलेला दुसरा शब्द कुठला माहितीये? बार्बेक्यू! लाकडी माचावर मांस भाजायच्या त्यांच्या पद्धतीचं नाव. म्हणजे ‘बार्बेक्यूला बटाटे भाजले’ असं आपण झोकात म्हणतो, तेव्हा वाक्यातले दोन्ही महत्त्वाचे शब्द कॅरिबियन असतात.

आणि आलू? संस्कृतात कंदाला आलु किंवा आलुक म्हणतात. रक्तालु, म्हणजे लाल कंद, याचंच झालं आपलं रताळं. एकादशीला रताळ्याचा कीस खाणारा अस्सल पुणेकरसुद्धा तोंडानं ‘आलू’च म्हणत असतो. त्याला पत्ता नसतो, इतकंच. कँटीनच्या टेबलावर हे माहीत असतं तर किती मजा आली असती!

चुलीले बटन नसते

जानेवारी. गोंदियाची थंडी हा जोक नाही. विदर्भातले थंडीचे नीचांक अनेकदा इथलेच असतात. मी पुणेरी स्वेटर घालून गेलेली, दात वाजत होते. घर अर्धं स्लॅबचं, अर्धं कवेलूंचं. कवेलू म्हणजे कौलं (मी डायरीत लिहून घेतलं). पुढे शेणानं सारवलेलं अंगण, कडेला तुळस, आणि एका बाजूला तीन दगडांची मोठी चूल. आत स्वैपाकघरात दोन बर्नरचा गॅस आहे, मिक्सर आहे, फ्रीज आहे. रोजचा स्वैपाक तिथेच. पण माणसं जमली की मामला अंगणात.

आणि त्या दिवशी माणसं जमली होती. लेक पुण्याहून आली, तिची मैत्रीण आली, नागपूरहून मावशी आल्या. काकूंनी, म्हणजे तिच्या आईनं, चुलीवर तवा ठेवला. तवा कसला, परातच! बिडाचा, काळाकुळकुळीत, दोन हातांनी उचलावा लागणारा. काकूंनी एक आलू अर्धा कापला, काटकीला टोचला, तेलात बुडवला आणि तापलेल्या तव्यावर फिरवायला लागल्या. चर्रर्र…

‘काकू, हा खायचा?’

‘खायचा नाही बाई, हा तव्याचा आहे.’

पहिला आलू तव्याचा. त्याच्या कापलेल्या बाजूनं तेल सगळीकडे पातळ, एकसारखं पसरतं. बिडाच्या तव्यावर असं वर्षानुवर्षं तेल तापत गेलं की त्याचा घट्ट, गुळगुळीत थर तयार होतो. आपण ज्या नॉनस्टिकसाठी पैसे मोजतो, ते इथे फुकटात, फक्त वीसेक वर्षं थांबायची तयारी हवी. नंतर साबणानं खसाखसा घासलात तर सगळं मुसळ केरात, हे काकूंनी मला दोनदा बजावलं. माझा चेहरा घासणाऱ्यातला वाटत असावा.

त्या तव्यावर आधी झाले तांदळाचे चिले. गोंदिया म्हणजे भाताचा मुलूख, जिकडेतिकडे राइस मिल. तेव्हा पोळीआधी इथे तांदूळ आठवतो. तांदळाचं पीठ, मीठ, जिरं, पाणी, बस्स. वाटीनं कडेकडून सोडायचं, झाकायचं, उलटायचं. पहिला चिला मोडला. काकूंनी तो शांतपणे कोंबड्यांना टाकला.

मग आले आलू. आधीच अर्धेकच्चे उकडलेले, सालासकट अर्धे केलेले. काकूंनी ते कापलेली बाजू खाली करून तव्यावर मांडले, तळव्यानं जरा दाबले आणि… सोडून दिले. मी सवयीनं उलथनं घेऊन सरसावले.

‘का करून राहिली? हात नको लावू. आलू तयार झाला का तो स्वतःच तवा सोडते.’

विज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर बटाट्याच्या पृष्ठभागावरचं पाणी उडून जाईपर्यंत तिथलं तापमान शंभर अंशांच्या फारसं वर चढत नाही. पाणी गेलं की ते भराभर वाढतं आणि साधारण एकशे चाळीसच्या पुढे तो तपकिरी, खमंग थर धरायला लागतो. आपण घाईघाईनं हलवत राहतो, प्रत्येक वेळी ओला भाग खाली आणतो आणि मग ‘माझे बटाटे कुरकुरीत का होत नाहीत’ म्हणून इंटरनेटवर शोधतो. काकूंचं वाक्य सोपं आहे. तो स्वतःच तवा सोडते.

आणि चूल! गॅसला नॉब असतो. इथे काय?

‘चुलीले बटन नसते,’ काकू हसल्या. आच कमी करायची तर लाकूड बाहेर ओढायचं, वाढवायची तर आत सरकवायचं. पण खरी गंमत तव्यावर आहे. मध्यभाग कडकडीत, कडा मंद. काकू एकाच तव्यावर तीन आचा वापरत होत्या. मध्ये रंग धरणारे आलू, त्यांच्याभोवती झालेले, आणि अगदी कडेला लसूण-तिखट, ते जळायला नको म्हणून. शेवटी ते मधे ओढलं, सगळे आलू त्यावर परतले, वरून मूठभर सांबार. मी उभ्या उभ्या चार खाल्ले. जीभ भाजली. चालतंय!

मावशींचं मडकं

दुसऱ्या चुलीचा ताबा नागपूरच्या मावशींकडे. त्यांच्या चुलीवर तवाच नव्हता, उलटं मडकं होतं! खाली लाकडाचा जाळ, वर मडक्याचा गोल तळ. नागपूरची ती सुप्रसिद्ध लांब पोळी याच्यावरच होते. कणीक इतकी सैल की हातात धरता येऊ नये. मावशी ती एका हातावरून दुसऱ्या हातावर झुलवत होत्या; तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून पार कोपरापर्यंत. ती आपल्याच वजनानं लांब होत गेली, रुमालासारखी पातळ, आणि मग फट्‌कन मडक्यावर! माती लोखंडाच्या मानानं उष्णता फार सावकाश पुढे ढकलते, त्यामुळे एवढी पातळ पोळीसुद्धा करपत नाही, नुसती भाजून मऊ राहते. नागपुरात कित्येक बायका या एका कौशल्यावर घर चालवतात. मी एकदा प्रयत्न केला. पोळी माझ्या स्वेटरला चिकटली. पुढचं विचारू नका.

खानदेशात अशीच खापरावरची पुरणाची मांडे असतात आणि रायगडात पोपटी लागते, तिथे तर आख्खं मडकंच उलटं जाळात. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला आणि आत बटाटे-रताळी. म्हणजे महाराष्ट्राच्या दोन्ही टोकांना थंडीत माणसं मडकं उलटं करतात! कोकणात-गोव्यात बटाट्याची पातळ भाजी पावाबरोबर, कोल्हापूर-बेळगावकडे पिवळी सुकी भाजी पुरीबरोबर. ते आपल्याला ठाऊकच आहे. पूर्व विदर्भात मात्र आलू एकटा क्वचित येतो. वांग्याबरोबर येतो. आलू-वांग्याची रस्सेदार भाजी आणि भात, लग्न असो की महाप्रसाद, पंगत त्याशिवाय उठत नाही.

पण माझा फेव्हरेट ठरला भरता. तवा उतरवल्यावर काकूंनी निखाऱ्यांत सबंध आलू, दोन वांगी आणि चार हिरव्या मिरच्या पुरल्या. पाऊण तासानं राखेतून काढले, तर वरून कोळसा! साल सोलली तर आत लोणी. कच्चा कांदा, त्याच राखेतली मिरची, लसूण, मीठ आणि वरून कच्चं जवसाचं तेल. कच्चं! तो वास पहिल्या घासाला थोडा अनोळखी वाटतो. तिसऱ्या घासाला तुम्ही दुसरं ताट मागता.

धूर

इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हा लेख ‘चुलीवरचं ते चुलीवरचं’ छापाचा होईल. मी तशी सुरुवात केलीच होती. ‘काकू, रोज असंच करत जा ना, किती भारी लागतं!’

काकू डोळे पुसत होत्या. धुरानं. म्हणाल्या, ‘वीस वर्षं रोजच करत होती बाई. आत, बंद घरात. माह्या सासूचा खोकला मरेपर्यंत गेला नाही. आता वर्षातून चार वेळा करतो, उघड्यावर, म्हणून गोड लागते.’

मी गप्प. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की घरातल्या चुली-शेगड्यांच्या धुरानं २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली ती याच धुरासाठी. (गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तोही १ मेलाच, १९९९ साली. तारखेचा हा योगायोग.) सिलिंडर घरात आला म्हणून तो दर महिन्याला भरता येतोच असं नाही, हेही काकूंनीच सांगितलं. महिनाअखेरीला गल्लीतल्या दोन-तीन घरांतून अजून धूर निघतो, आणि तो हौसेचा नसतो. तेव्हा चुलीच्या स्वैपाकाचं कौतुक करणाऱ्यानं आधी महिनाभर फुंकणी हातात धरून बघावी, असं माझं तरी मत झालंय.

सांबार द्या

जेवणं झाली. शेकोटीभोवती सगळे. माझ्या तोंडून सहज निघून गेलं, ‘काकू, ही ऑफिसात आलू म्हणतच नाही, बटाटा म्हणते.’

मला वाटलं, काकू हसतील. त्या हसल्या नाहीत. लेकीकडे बघितलं. लेक काटकीनं राख उकरत बसली.

‘मले माहीत आहे,’ काकू म्हणाल्या.

मग ती गोष्ट निघाली. दोन वर्षांपूर्वी काकू आठ दिवस पुण्याला आल्या होत्या, आमच्याच फ्लॅटवर. मी तेव्हा गावी गेले होते. लेक ऑफिसला गेल्यावर त्या कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या. ‘सांबार द्या’ म्हटलं, तर त्यानं मसाल्याचं पाकीट पुढे केलं.

‘म्या म्हटलं, हे नाही, सांबार, हिरवा. तर तो बाजूच्याले म्हणते, काय बोलतात ही माणसं. दोघं हसले. म्या पाकीट घेऊन आली. पैसेबी देल्ले.’

उरलेले सहा दिवस काकू दुकानात गेल्या, पण लेकीबरोबर. आणि दुकानात त्या बोलल्या नाहीत. ‘तू बोल,’ म्हणायच्या, ‘मी थैली धरते.’ शाळेत वर्षानुवर्षं मुलांना पोषण आहार रांधून वाढणारी बाई, गावात कुणालाही ऐकवणारी बाई, पुण्याच्या दुकानात थैली धरून गप्प उभी.

‘तूच शिकवलं मले,’ लेक राखेकडे बघतच म्हणाली. ‘तू गप राहिली, मंग मी बटाटा म्हणायले लागली.’

‘काहून? म्या म्हटलं होतं का तुले?’

‘नाही म्हटलं. पाहिलं म्या.’

मावशींनी विषय बदलायला चहा ठेवला. मला त्या क्षणी कँटीनमधलं माझं हसू आठवत होतं. मी ते सांगितलं. सांगायला हवं होतं असं वाटलं. काकूंनी माझ्या पाठीत एक हलकी चापट मारली आणि म्हणाल्या, ‘जाऊ दे बाप्पा. तुले कुठं माहीत होतं. आता पोळीबरोबर भरता घे थोडा.’

मी पोटभर जेवलेले असूनही घेतला.

करायचंय? मग हे वाचा

फ्लॅटच्या बाल्कनीत जाळ करू नका, सोसायटीचा सेक्रेटरी आणि अग्निशमन दल दोघंही येतील. गॅसवर बिडाचा तवा चालतो. तो मध्यम आचेवर निदान सात-आठ मिनिटं नुसता तापू द्या. बीड सावकाश तापतं, पण एकदा तापलं की धरून ठेवतं. चार मध्यम आलू सालासकट मिठाच्या पाण्यात अर्धेकच्चे उकडा, सुरी थोडी अडायला हवी. पूर्ण गार करून, पुसून अर्धे करा. ओले टाकलेत तर वाफाळतील, भाजले जाणार नाहीत. दोन चमचे तेल, कापलेली बाजू खाली, पाच मिनिटं हात खिशात. मग उलटा, आणखी तीन मिनिटं. आठ पाकळ्या ठेचलेला लसूण, चमचाभर तिखट आणि मीठ कडेला परतून मग मध्ये घ्या. भरत्यासाठी निखारे नसतील तर थेट बर्नरवर जाळी ठेवून भाजा. धुराचा वास तितका येणार नाही, पण बऱ्यापैकी जमतं. लहान आलू घ्या, नाहीतर बाहेर कोळसा आणि आत दगड! जवसाचं तेल नाही मिळालं तर मोहरीचं. आणि ते तापवू नका, कच्चंच.

परतताना काकूंनी जुना एक छोटा तवा लुगड्याच्या तुकड्यात बांधून दिला. महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या अप्पर बर्थवर तो आमच्या दोघींच्या पायांशी झोपून पुण्याला आला. पहिल्या रविवारी त्यावर केलेला पहिला चिला मोडला. कोंबड्या नव्हत्या, मीच खाल्ला.

मग संध्याकाळी आम्ही भाजी आणायला गेलो. दुकान तेच, कोपऱ्यावरचं. मी थैली धरून मागे उभी.

‘अर्धा किलो आलू,’ ती म्हणाली, ‘अन् एक जुडी सांबार.’

दुकानदारानं वर पाहिलं. ‘काय?’

‘सांबार. ते काय, तुमच्या हाताशीच आहे.’

त्यानं हाताशी पाहिलं. ‘ही कोथिंबीर आहे ताई.’

‘आमच्याकडे सांबार म्हणतात.’

‘बरं,’ तो म्हणाला आणि जुडी थैलीत टाकली. ‘दहा रुपये. सुटे द्या.’